मावशी, पुन्हा एकदा हसा

मित्रांनो, दाराआड अंगावर ओला टॉवेल घेऊन जो तीन पायांचा प्राणी उभा दिसतोय ना, तो मी. मी एक जुना मोबाइलचा स्टँड आहे. शिकलेली माणसं मला ट्रायपॉड म्हणतात. माझा एक पाय अधू आहे, त्याच्या टोकाचं रबर गळून पडलंय. ते कुठे पडलं हे आठवलं की आजही मान खाली घालावीशी वाटते. पण माझी मान स्क्रूवर बसवलेली, ती दुसऱ्याने फिरवल्याशिवाय हलत नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मलो, ठाऊक नाही. आठवतो तो खोक्यातला अंधार आणि मग लातूरमधल्या एका घराचा उजेड. मृण्मयीने मला ऑनलाइन मागवलं होतं. तिचे वडील उद्धवराव शाळेत शिक्षक. पोरीने स्पर्धा परीक्षा द्यावी म्हणून ते जीव टाकायचे. पोरीने मात्र इन्स्टाग्रामवर ‘चमचमतं लातूर’ नावाचं पान काढलं. साडीच्या दुकानाचं उद्घाटन असो, नव्या दुचाकीचा सोहळा असो की नांदेडच्या हॉटेलातला थाळी महोत्सव, कंपनीचा बॅनर लागला की त्याच्यासमोर आम्ही हजर. कार्यक्रमाआधी गाजावाजा करायचा आणि कार्यक्रमाच्या दिवशी रील टाकायची, हे आमचं काम. लोक म्हणायचे, “काय स्थिर व्हिडिओ असतो हो मॅडमचा!” स्थिर कोण उभं असायचं, ते मला ठाऊक होतं. मी आपला मनातल्या मनात फुगायचो.

आमच्या धंद्याची एक रीत होती. कार्यक्रम संपायच्या आत रील लोकांच्या हातात पडली पाहिजे. म्हणून सगळं महत्त्वाचं आधीच उरकून घ्यायचं. रिकाम्या खुर्च्यांसमोर फीत कापायची, एकच शाल पाळीपाळीने सगळ्यांच्या खांद्यावर टाकायची, चार माणसांच्या टाळ्या जवळून घ्यायच्या. मृण्मयी म्हणायची, “छान! पुन्हा एकदा!” माणसंही हौसेने पुन्हा एकदा करायची. यात कुणाचं काय बिघडतं, असंच मला वाटत होतं.

मग ती मिक्सरची कंपनी आली. नाव सांगत नाही. लातूरच्या एका मंगल कार्यालयात नव्या मिक्सरचा सोहळा होता. बचत गटांनी आपल्या गटाच्या नावाची चिठ्ठी टाकायची, गटातली एक बाई पाठवायची आणि सोडतीत ज्याचं नाव निघेल त्या गटाला मोठा मिक्सर. मृण्मयीने त्याची जाहिरात गावोगावच्या मोबाइलवर पोचवली. औशाहून मसाल्याच्या एका बचत गटाने कोंडाबाईंना पाठवलं. त्या गटाच्या अध्यक्ष. नवी कोरी निळी साडी नेसून त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या.

सोडतीला अवकाश होता. मृण्मयीची नजर कार्यालयभर फिरली आणि कोंडाबाईंवर थांबली. चेहरा बोलका, हसरा.

“मावशी, जरा स्टेजवर या ना.”

कंपनीचा विक्रेता श्रीनाथ याने खोक्यातून मिक्सर काढून त्यांच्या हातात दिला. मागे बॅनर होता, बॅनरवर ‘भाग्यवान विजेत्या’ असं छापलेलं. हा नुसता नमुन्याचा व्हिडिओ आहे, हे त्यांना मृण्मयीने सांगितलं असेल असं श्रीनाथला वाटलं. श्रीनाथने सांगितलं असेल असं मृण्मयीला वाटलं. कोंडाबाईंना वाटलं, आपल्या गटाचं नाव निघालं. त्यांनी मिक्सर पोटाशी धरला आणि त्या रडायलाच लागल्या.

“आता बायांचे हात सोलायचे न्हाईत,” त्या म्हणाल्या. “उखळात कुटून कुटून लई सोलले बघा.”

“मावशी, पुन्हा एकदा. या वेळी हसा,” मृण्मयी म्हणाली.

कोंडाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि हसल्या. असं हसणं मी माझ्या साऱ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. काम झालं, श्रीनाथने मिक्सर घ्यायला हात पुढे केला, तर त्यांच्या हातून तो सुटेना. श्रीनाथ कसनुसं हसला. “मावशी, पॅक करून द्यावा लागतो. खोकं मागून पाठवतो औशाला. तुम्ही निघा, बस चुकेल तुमची.”

मृण्मयीने ते ऐकलं. मीही ऐकलं. ती मान खाली घालून मोबाइलवर रील कापायला-जोडायला लागली. कोंडाबाई सगळ्यांना हात जोडून निघाल्या. सोडत त्यानंतर झाली आणि मिक्सर लातूरच्याच एका गटाला गेला. रील मात्र कोंडाबाईंची चालली, आणि अशी चालली की औशापासून किल्लारीपर्यंत घराघरांत पोचली. मृण्मयीला शाबासकी मिळाली. मित्रांनो, मलाही आनंद झाला होता, हे तुमच्यापासून कशाला लपवू?

पुढे नांदेडला मोबाइलच्या एका दुकानाचं उद्घाटन होतं. मी उभा राहतो न राहतो तोच एक मुलगी थेट आमच्यासमोर आली. मृण्मयीला वाटलं, सोबत फोटो हवा असेल. तिने केस सारखे केले.

“फोटो नको ताई,” मुलगी म्हणाली. “मी धम्मप्रिया, इथं नर्सिंगला हाय. माझ्या आईचा मिक्सर कुठाय?”

“कुठली आई?”

धम्मप्रियाने मोबाइल पुढे धरला. त्यात निळ्या साडीतल्या कोंडाबाई हसत होत्या.

“खोकं येतंय म्हणून आई वाट बघून राहिली. गटातल्या बाया म्हणतात, मिक्सर गटाचा होता, हिनं लेकीला नांदेडला देऊन टाकला. आई म्हणते, आलाच न्हाई. तर तिलाच हा व्हिडिओ दाखवतात. काय बोलावं तिनं? तिनं बैठकीला जाणं सोडलंय, ताई.”

मृण्मयीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्या दिवशीचं उद्घाटन तिने कसंबसं उरकलं. माझे पाय मिटण्याआधी तिने धम्मप्रियाला गाठून गटाच्या बैठकीचा दिवस विचारून घेतला.

गटाची बैठक होती त्या दिवशी ती औशाला गेली. स्वतः एक मिक्सर विकत घेतला होता. मी सवयीने पिशवीत होतोच. बुद्धविहाराच्या ओट्यावर बाया जमल्या होत्या. धम्मप्रियाच्या आग्रहाखातर कोंडाबाईही आल्या होत्या, पण एका कडेला, पाठ भिंतीला लावून बसल्या होत्या. निळी साडी नव्हती.

मृण्मयीने खोकं त्यांच्यासमोर ठेवलं. कोंडाबाईंनी त्याला हातही लावला नाही.

“हे परत ने पोरी. जे जिकलं न्हाई, ते गटाच्या घरात कशाला?”

“मावशी, माझं चुकलं. मी सगळ्यांना आत्ता सांगते, तुम्ही खोटं बोलला नाहीत.”

“तोंडी व्हय? तोंडी मी बी सांगितलं व्हतं. कुणी ऐकलं? सगळ्यांना मोबाइलातलंच खरं वाटून राहिलं. मग मोबाइलातच सांग.” त्यांनी पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्याकडे बोट केलं. “काढ ती तिपाई.”

मृण्मयीने मला ओट्यावर उभं केलं. आजवर ती माझ्या मागे असायची. त्या दिवशी पहिल्यांदा समोर आली. सगळं सांगायला लागली, तो बॅनर, ती रीत, श्रीनाथचं खोकं आणि आपलं गप्प राहणं. ओट्याची फरशी उंचसखल होती. माझ्या पायाचं रबर निसटून घरंगळत गेलं आणि मी हलायला लागलो. ज्या स्थिरपणाचं मला कौतुक होतं, तोही त्या दिवशी राहिला नाही. मध्येच तिचा आवाज फुटला, नाक वाहायला लागलं. ती घाईने पुढे आली.

“थांबा, हे नीट नाही झालं. पुन्हा एकदा घेते.”

“न्हाई,” कोंडाबाई म्हणाल्या. “पुन्हा एकदा मला हसवलं व्हतंस, ते बास झालं. हाय तसंच जाऊ दे.”

तो व्हिडिओ ‘चमचमतं लातूर’वर तसाच गेला. गटातल्या महामायाबाई आजवर कोंडाबाईंना सगळ्यांत जास्त बोलल्या होत्या. त्यांनी कोंडाबाईंचा हात धरला, “बाई, आमचं चुकलं.”  कोंडाबाई उठून अध्यक्षांच्या मधल्या जागी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “बैठक चालू करा.”

मिक्सर आमच्यासोबत परत आला. कंपनीने मृण्मयीला पुन्हा बोलावलं नाही. मलाही तिने दाराआड ठेवलं, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. तो हलणारा, रडका व्हिडिओ फार थोड्यांनी पाहिला. कोंडाबाईंच्या हसण्याची रील मृण्मयीने काढून टाकली, पण तोवर ती कुणी कुणी उचलली होती. कुणी तिला गाणं लावलं, कुणी विनोद जोडला. ती अजून फिरते आहे.

मित्रांनो, कुणासमोर मोबाइल उभा कराल, तेव्हा त्या माणसाला आधी सगळं खरं सांगा. तो हातात काय घेऊन घरी जाणार आहे, तेही विचारा. त्या दिवशी कार्यालयात मी तीन पायांवर घट्ट उभा होतो, तरी मला एक पाऊल मागे घेता आलं नाही. तुम्हाला पाय दोनच आहेत, पण तुम्हाला ते येतं.