कॅचरची सावली

एलिएझरच्या डाव्या गालात पोलादाची पट्टी होती. गेल्या हंगामात बेसबॉल खेळताना चेंडू लागून गालाचं हाड मोडलं, ते जुळलं; दात पडले, ते नवे बसवले. बिघडला तो डोळा. नजर अगदी धड होती, डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं होतं. पण समोरून चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या हातून तो सुटला की पापणी आपोआप मिटायची. आणि मिटल्या डोळ्यांनी तसला चेंडू आजवर कुणाच्या बापाला मारता आलेला नाही.

सान पेद्रो गावच्या त्याच्या संघात म्हातारा आबेलार्दो फलंदाजांना तयार करायचा. त्याने एलिएझरला धरून बसवलं. रोज सकाळी तो मक्याचे सुके दाणे फेकी आणि एलिएझर ते झाडूच्या दांड्याने मारी. मग पिचर सराव करत असले की त्याला बॅट न देता समोर उभं करी. मारायचं नाही, नुसतं बघायचं.

"काय आलं?"

"वळणारा. शिवणीचा लाल ठिपका दिसला."

"आणि हा?"

"सरळ, वेगाचा. ठिपका नाही."

"मग सामन्यात काय धाड भरते रे तुला?" आबेलार्दो कातावून म्हणायचा.

सामन्यातला पिचर आपला नसतो, हीच धाड. संघाचा मॅनेजर ओरडला असता तर बरं, पण तो हळू आवाजात म्हणाला होता, "रविवारी खेळ. मग बघू." असं 'मग बघू' ऐकलेला माणूस त्या मैदानावर पुन्हा दिसलेला नव्हता. बाराव्या वर्षापासून एलिएझरने दुसरं काही केलं नव्हतं. रविवारी सकाळी त्याच्या बायकोने, दिलेनियाने, कच्चं केळं उकडून कुस्करलं, त्यावर कांदा घातला, सलामीच्या मांसाच्या चकत्या तळल्या. त्याचा घास तोंडातच फिरत राहिला.

"नको जाऊस," ती म्हणाली. "तोंड एकच आहे तुला."

तो गेला. आणि तिथे भीतीने त्याला चोरी शिकवली.

फलंदाज उभा राहतो त्या घरच्या बेसमागे सूर्य कलला होता. त्यामुळे मागे चेंडू झेलायला बसलेल्या कॅचरची सावली पुढे, एलिएझरच्या पायांपाशी पडत होती. कॅचर जिकडे सरकतो तिकडे चेंडू येतो. म्हणून फलंदाजाने मागे बघायचं नसतं. जो बघतो त्याच्या बरगडीत पुढचा चेंडू बसतो. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण सान पेद्रोच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एलिएझरने मान वळवली नाही. नुसते डोळे खाली केले. सावली पायांपासून दूर सरकली होती, म्हणजे चेंडू तोंडावर येणार नव्हता. पापणी उघडी राहिली आणि त्याने चेंडू दोन खेळाडूंच्या मधून काढला. पुढच्या खेपेलाही तसंच. लोक त्याच्या नावाचा गजर करायला लागले, पण त्याने वर बघितलं नाही, कारण चोराच्या मनात चांदणं.

शेवटच्या डावात धावा सारख्या, दोघे बाद, तिसरा बाद झाला की डाव संपणार; तिन्ही बेसवर त्याच्याच संघाचे गडी उभे. फलंदाजीला आला तो एलिएझरच. समोरच्या संघाचा कॅचर नेफ्ताली त्याच्याच गल्लीतला. बाटल्यांची झाकणं झाडूने मारत दोघे एकत्र वाढले होते.

"काय रे एली, सारखं खाली काय शोधतोयस? नाणं पडलं की अब्रू?"

"बुटाची नाडी बघतोय."

"मग बूट माझ्या पायाशी काढून ठेवलेस की काय?"

"गप्पा घरी मारा," अंपायर गुरगुरला.

एलिएझरची पाचावर धारण बसली. याला कळलंय. तरी सवयीने डोळे खाली गेलेच. सावली त्याच्या बुटाला चिकटली होती. म्हणजे तोंडावर! तो मागे कोलमडला, आणि चेंडू मधोमध, आरामात गेला. स्ट्राइक; अशा तीन झाल्या की फलंदाज बाद. लोक हसले. पुन्हा तीच सावली, पुन्हा तोच पळपुटेपणा, दुसरी स्ट्राइक. आता आणखी एक आणि संपलं, सगळंच.

नेफ्तालीने चेंडू परत फेकला. "तिसऱ्यांदा सावली खरी पाडू की खोटी?" तो अगदी मायेने म्हणाला.

एलिएझरने बॅटवरची पकड बदलली. गालातली पट्टी दुखत होती. सावली खरी की खोटी हे विचारायला तीच सावली उरली होती. त्याला पळून जावंसं वाटलं, खरोखर, बॅट टाकून थेट घरी. पण तो गेला नाही. त्याने पिचरचा हात शोधला आणि त्याच्यावरून नजर हलवली नाही.

चेंडू सुटला.

ठिपका नव्हता. पांढरा, सरळ, आणि तोंडाकडेच येत होता. शिवणी फिरताना दिसल्या, इतका तो दिसला. आबेलार्दोने शिकवलं होतं तसं त्याने हनुवटी खांद्यात दडवली आणि पाठ दिली. चेंडू खांद्याच्या हाडावर बसला. तो गुडघ्यांवर पडला, ओरडला, आणि आपण ओरडतोय म्हणजे जिवंत आहोत हे त्याच्या हळूहळू लक्षात आलं.

अंपायरने पहिल्या बेसकडे हात केला. अंगाला चेंडू लागला की तो बेस फुकट मिळतो, आणि बेस भरलेले असले की तिसऱ्यावरचा गडी आपसूक घरच्या बेसवर येऊन धाव मिळवतो. सामना संपला होता. सगळे मैदानात धावत आले.

नेफ्ताली मुखवटा काढून त्याच्यावर वाकला. त्याचा चेहरा उतरला होता. "नुसतं घाबरवायचं होतं, एली. पिचरचा हात घसरला." मग म्हणाला, "डोळे उघडे होते तुझे."

एलिएझर खांदा धरून पहिल्या बेसपर्यंत चालत गेला. अजून घाबरलेलाच होता. उद्याही घाबरणार होता, परवाही. बेसजवळ आबेलार्दो उभा होता. तो जिंकल्याचं काही बोलला नाही, खांद्याचंही विचारलं नाही.

"काय आलं?"

"सरळ," एलिएझर म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. "वेगाचा. ठिपका नव्हता."