शिगेबाईंच्या शाळेचं लाकूड

मी एक खण बोलतोय. कपड्यांच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण. माझ्यात रेशमी किमोनो ठेवलेत. लोक म्हणतात, नशीबवान लाकूड! त्यांचं काय जातं म्हणायला?

आमच्या जपानातल्या एचिगो प्रांतात मुलगी झाली की दारात किरीचं झाड लावतात. लग्न ठरलं की ते तोडून कपाट करतात आणि तिच्याबरोबर सासरी धाडतात. मी शिगेबाईंच्या दारचं झाड. त्यांचं लग्न ठरलं, तेव्हा त्या वडिलांपुढे हटून बसल्या. "कपाट नको. लिहायची मेजं करा. मी मुलींची शाळा काढणार."

वडील हळवे, त्यांनी ऐकलं. नवरदेवाकडून नकार आला आणि गावानं बाईंची रेवडी उडवली. पण शाळा निघाली.

माझं जे मेज झालं, त्यापाशी नुई बसायची. सोयाबीन आंबवून मिसो करणाऱ्या कान्बेईची तिसरी मुलगी. दिसेल तो कागद वाचायची. बाई म्हणायच्या, "नुई, माझ्यामागे ही शाळा तुझी हं."

एक दिवस कान्बेई आला. "बाई, पुरे झालं वाचन. वाचल्यानं मिसो काय लवकर मुरतो?"

"दोन वर्षं द्या. पोर शिक्षिका होईल."

"आणि तुमच्यासारखी बिनलग्नाची राहील! स्थळ आलंय."

बाईंनी नुईकडे पाहिलं. ती मान खाली घालून म्हणाली, "आबा म्हणतील तसं."

एवढं वाचून हेच एक वाक्य सापडलं तिला!

तिच्यामागून बाकीच्या मुलींनीही शाळा सोडली. बाईंचे वडील वारले होते, घरचा कर्ता आता धाकटा भाऊ. तिसऱ्या मुलीसाठी झाड लावायचे कष्ट कान्बेईनं घेतले नव्हते. भावानं बाईंना न विचारता मेजं त्याला नुईच्या कपाटासाठी देऊन टाकली. "लाकूड शेवटी लाकडाच्या कामाला आलं," म्हणाला. सुतारानं वरून रंधा मारला आणि मी खण झालो.

कपाट सासरी निघालं, तेव्हा बाई रस्त्याकडेला उभ्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. नुई मातीला आली नाही.

परवा तिनं कपड्यांना वारा द्यायला मला रिकामं केलं. तिच्या लेकीनं तळावर बोट ठेवलं. "आई, हे काळं काय गं?"

ती शाई होती. नुईच्याच हातून सांडलेली, खोल मुरलेली. तिनं डागावरून हात फिरवला. मग म्हणाली, "काही नाही गं. लाकूडच तसलं."

नुई, आता तर तुझे आबाही नाहीत. बाईंचं नाव घ्यायला कुणाची परवानगी हवी होती?