डोळे मिटून सभा

छायाबाई द्राक्षाच्या मांडवाखाली कात्री चालवता चालवता पंधरा बायांची टोळी हाकायच्या. पण समोर खुर्च्या मांडलेल्या दिसल्या की त्यांची दातखीळ बसायची. गेल्या वर्षी पिंपळगाव बसवंतच्या बागायतदारांच्या बैठकीत त्या उठल्या, "आम्हाला" एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. बागेत बायांसाठी संडास बांधा, इतकंच सांगायचं होतं. विषय गेला वर्षभर लांबणीवर. तेव्हापासून टोळीतली सिंधुबाई त्यांना 'आम्हाला' म्हणूनच हाक मारायची.

यंदा नाशिकला कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या लेकीनं, स्नेहलनं, मनावर घेतलं. रोज दहा मिनिटं डोळे मिटायचे, आपण बोलतोय, लोक टाळ्या वाजवतायत असं बघायचं, म्हणजे भीती जाते म्हणे. मोबाइलवर कुणी बाई शिकवते.

छायाबाईंनी डोळे मिटले. सभा आली, पण हॉल झाडलेलाच नव्हता. झाडायला घेतला तोवर इकडे खरोखरचं दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवशी टाळ्यांच्या जागी कुकरच्या शिट्ट्या. स्नेहल वैतागली, म्हणाली, माणसं नको, घड बघ. घडांना थोडीच घाबरतेस? झालं! घड दिसले आणि डोक्यात थिनिंग सुरू. पहिल्या रांगेतला फार दाट, त्याचे मणी काढा. दुसरा वाकडा, अख्खा तोडा. भाषण राहिलं बाजूला, बोटं मात्र हवेत कात्री चालवत होती.

"आई, छाटू नको, त्यांच्याशी बोल."

"घडाशी कोण बोलतं गं? येड लागलंय का मला?"

बैठकीच्या दिवशी सिंधुबाईला घेऊन त्या बागेतून तशाच आल्या. नाव पुकारलं, त्या उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. घड आले नाहीत, टाळ्याही आल्या नाहीत. डोळे उघडले तर समोर तेच चाळीस बाप्ये. "आम्हाला," त्या म्हणाल्या आणि अडल्या. मागून सिंधुबाईचा सुस्कारा ऐकू आला. छायाबाईंना त्या मोबाइलवाल्या बाईचा असा राग आला की विचारू नका.

अध्यक्ष यादवआबा भले माणूस. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

"नको आबा, मी संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाय," त्या सवयीनं म्हणाल्या.

आबांनी विचारलं, उपास आहे का?

"उपास कशाचा? पाणी प्यालं की जावं लागतं. जायचं कुठं? तुमच्या बागेला ठिबकनं घड्याळ लावून पाणी देता. आमी पंधरा बाया सकाळी आठपासून कोरड्या. सिंधुबाईला दोनदा मूतखडा झाला. हे मी गेल्या वर्षीच सांगणार होते."

एवढं सगळं आपल्याच तोंडून निघालं हे त्यांना निघाल्यावर कळलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. माना खाली गेल्या होत्या. मग आबांनी सेक्रेटरी दिनेशला ठराव लिहायला सांगितला: प्रत्येक बागेत छाटणीआधी संडास. हात वर झाले, सगळे.

आता मात्र छायाबाईंनी ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला. मग आणखी एक. तोंड पुसून त्यांनी दिनेशला विचारलं, "हितला कुठंय?"

दिनेशनं आबांकडं पाहिलं. हॉलमागं बायांचा संडास होता खरा, पण त्याच्यात तीन वर्षांपासून द्राक्षांचे क्रेट भरून ठेवले होते.

छायाबाईंनी पदर खोचला. "उठा," त्या चाळीसजणांना म्हणाल्या, "काढा क्रेट."