तीन मिल क्रीक

इराची व्हॉइस नोट आली तेव्हा सुचित्रा शाळेच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होती. हे रोजचंच होतं. अमेरिकेत लेकीची झोपायची वेळ आणि इकडे युएईत, अल ऐनमध्ये आईची शाळा भरायची वेळ साधारण एकच. व्हॉट्सअॅपवरून इथे कॉल लागत नाहीत, म्हणून इरा अंथरुणावर पडल्या पडल्या दोन वाक्यं बोलून पाठवायची आणि सुचित्रा ती गाडीतच ऐकून मग वर्गावर जायची.

त्या दिवशी नोटमध्ये इरापेक्षा पाऊसच जास्त ऐकू येत होता.

"आई, इट्स पोअरिंग लाइक क्रेझी. लाइट गेलेत. आय अॅम फाइन, डोन्ट पॅनिक. क्रीक जरा जास्तच आवाज करतोय, दॅट्स ऑल. गुड नाइट."

सुचित्राने ती पुन्हा लावली, या वेळी फोन कानाला घट्ट दाबून. पावसाच्या मागे आणखी एक आवाज होता. घुमणारा, थांबून थांबून येणारा. खालच्या मजल्यावर कुणी भरलेली कपाटं ओढत असावं तसा. सुचित्राने आयुष्यभर भूगोल शिकवला होता. हा आवाज पाण्याचा नव्हे, हे तिला लगेच कळलं. पाण्याखाली धोंडे गडगडत होते. जो ओढा धोंडे वाहून नेतो, तो नुसता आवाज करून थांबत नाही.

तिने साधा इंटरनॅशनल कॉल लावला. लागला नाही. परत लावला. नाहीच.

इरा सुचित्राची एकुलती एक. भूगर्भशास्त्र शिकली आणि एका विद्यापीठाच्या प्रकल्पावर वेस्ट व्हर्जिनियातल्या टॉलिव्हर काउंटीत जाऊन राहिली. अमेरिका म्हटल्यावर ओळखीतले लोक न्यूयॉर्कचं विचारायचे; सुचित्रा नकाशा काढून दाखवायची. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याएवढा मुलूख, पण माणसं इतकी थोडी की अल ऐनमधल्या चार-पाच शाळांत सगळी मावावीत. कोळशाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा गावं भरलेली होती. खाणी बंद पडल्या, तरुण माणसं कामाला बाहेर पडली ती परतली नाहीत, आणि मागे राहिली म्हातारी माणसं आणि डोंगर. ते डोंगरही विलक्षण. वर कठीण वालुकाश्म, त्याखाली मऊ शेल, मध्येमध्ये कोळशाचे थर, आणि हे सगळं ओढ्यांनी असं कापून काढलेलं की सपाट जमीन शोधूनही सापडू नये. दरीच्या तळाला ओढा, ओढ्याला चिकटून रस्ता, रस्त्याला चिकटून घरं. पाणी वाढलं तर तिघांची वाट एकच.

आणि त्या डोंगरांच्या पोटात बंद खाणी, पाण्याने भरलेल्या. इराचं काम तेच होतं, त्या पाण्याची पातळी मोजायची. "आई, दीज हिल्स आर हॉलो," ती एकदा म्हणाली होती, "अँड दे आर फुल." तेव्हा सुचित्राला ते ऐकून लेकीचं कौतुक वाटलं होतं.

आता स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडून ती तोच मुलूख बघत होती. मिल क्रीक. वर्ना नावाच्या एका विधवा बाईच्या घरात इरा भाड्याने राहायची, ते घर याच ओढ्याकाठी, दरीच्या अगदी चिंचोळ्या भागात होतं. समोच्चरेषा एकमेकींना इतक्या चिकटलेल्या होत्या की नकाशाचा तो भाग तपकिरी डागासारखा दिसत होता. मुलांना ती दरवर्षी सांगायची, रेषा जितक्या जवळ तितका उतार उभा, उतार जितका उभा तितकं पाणी वेगाने खाली. दुसऱ्या खिडकीत हवामानाचं रडार होतं. लालभडक पट्टा काउंटीच्या डोक्यावर येऊन बसला होता आणि हलत नव्हता.

"क्या हुआ?" शेजारच्या टेबलावरच्या कुबराने विचारलं. कुबरा हैदराबादची, इंग्लिश शिकवायची. सुचित्राने तिला व्हॉइस नोट ऐकवली, मागचा आवाज कसला ते सांगितलं. कुबराला त्यातलं कितपत समजलं कोण जाणे, पण तिने सुचित्राच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. "तेरी नाइन्थ मैं लेती हूँ. तू फोन कर. यल्ला, चल, बैठ मत."

सुचित्राने आधी नवऱ्याला, विजयकुमारला फोन केला. तो हमरिया फ्री झोन या लांबच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पाइप बनवणाऱ्या कंपनीत प्लँट मॅनेजर होता, आठवडाभर तिकडेच राहायचा.

"बॅटरी संपली असेल गं तिची," तो म्हणाला. "लाइट नाहीत म्हणतेय ना?"

"विजय, ओढ्यातून दगड वाहतायत. मी ऐकलेत."

मग तो म्हणाला, "मी निघतो."

"इथे येऊन काय करणार आहेस?"

"मग इथे बसून तरी काय करू?"

तिथल्या शेरीफच्या ऑफिसचा फोन सतत बिझी लागत होता. विद्यापीठाच्या नंबरवर रेकॉर्ड केलेला मंजूळ आवाज कामाच्या वेळा सांगत होता. इमर्जन्सीचा नंबर परदेशातून लागतच नाही. शेवटी त्या काउंटीच्या स्वयंसेवी अग्निशामक दलाचा नंबर सापडला आणि बऱ्याच प्रयत्नांनी कुणीतरी उचलला. बाईचा आवाज, दमलेला. पाठीमागे वायरलेसची खरखर आणि पुरुषांची आरडाओरड. बाईने नाव सांगितलं, डार्लिन. तिचे उच्चार असे काही वेगळे होते की सुचित्राला प्रत्येक वाक्य दोनदा विचारावं लागत होतं.

"मी युएईहून बोलतेय. माझी मुलगी मिल क्रीकला राहते."

"मिल क्रीकवर आमची माणसं कधीच गेलीत, हनी. बोट घेऊन गेलीत. घाबरू नका."

सुचित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. ती 'थँक यू' म्हणून फोन ठेवणारच होती, तेवढ्यात तिची नजर स्क्रीनवर गेली. मघाशी घर शोधताना तिने हेच नाव टाकलं होतं आणि नकाशाने तिला आधी भलत्याच ठिकाणी नेलं होतं.

"कुठल्या मिल क्रीकवर?" तिने विचारलं.

"गावाजवळच्या. शाळेच्या मागे."

"मी म्हणते ते हे नव्हे. तुमच्या काउंटीत तीन मिल क्रीक आहेत. माझी मुलगी उत्तरेकडच्या नदीवरच्या मिल क्रीकला आहे. नदी जिथे पूर्ण उलटी वळते, तिथून दुसरा लोखंडी पूल ओलांडून डाव्या हाताची दरी. वर बंद खाण आहे."

"ते तर वर्नाचं घर," डार्लिन सावकाश म्हणाली. "पण वर्ना बहिणीकडे गेलीय, डोळ्याचं ऑपरेशन झालंय तिचं. ते घर रिकामं आहे. आमच्या माणसांनी ते सोडून दिलंय."

"रिकामं नाही," सुचित्रा ओरडली. स्टाफरूममधले सगळे वळून बघायला लागले. "माझी मुलगी आहे त्या घरात!"

"खाणीतलं पाणी मोजते ती मुलगी?"

"हो."

"ओ लॉर्ड," डार्लिन म्हणाली; सुचित्राला नव्हे, तिथल्याच कुणाला तरी. मग ती फोनवर परत आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. "ऐका. पूल गेलाय. दोन माणसं डोंगरावरून चालत पाठवू शकते, त्याहून जास्त नाहीत माझ्याकडे. घरापर्यंत ती पोचणार नाहीत. तुमची मुलगी घरातून बाहेर पडली असेल तर कुठे जाईल? सांगा मला. अंधार आहे, डोंगर मोठा आहे."

सुचित्रा नकाशाकडे बघत राहिली. घरामागून वर जायला दोन वाटा होत्या. एक खाणीचा जुना रस्ता, रुंद, हळूहळू चढणारा. घाबरलेलं कुठलंही माणूस त्याच रस्त्याने पळेल. पण तो खाणीच्या तोंडावरूनच जात होता. आत साठलेलं पाणी फुटून बाहेर आलं, तर पहिल्यांदा तिथेच येणार. दुसरी वाट नव्हतीच खरं तर. उजवीकडे वालुकाश्माची एक सोंड दरीत उतरली होती, खडी, झाडीने भरलेली. अंधारात, पावसात, त्या सोंडेवर चढायचं म्हणजे हातापायांनी सरपटावं लागणार.

इरा हुशार होती. इरा खाणी ओळखत होती. पण इरा एकटी होती, आणि लहानपणी अल ऐनजवळच्या जेबेल हफीत डोंगराच्या घाटात गाडी वळली तरी डोळे मिटून घ्यायची.

"मॅडम?" डार्लिन म्हणाली.

"उजवीकडची सोंड," सुचित्रा म्हणाली. "खाणीच्या रस्त्याने जाऊ देऊ नका त्यांना. सोंडेवर शोधा."

तिने फोन ठेवला. आपण काय बोलून बसलो? त्या डोंगरात जाणारी दोनच माणसं होती आणि आपण त्यांना एका बाजूला पाठवलं. इरा दुसऱ्या बाजूला असली तर? पाय मोडून खाणीच्या रस्त्यावर पडली असली, हाका मारत असली तर? तिने परत फोन लावला, रस्त्यावरही बघा म्हणून सांगायला. आता तो नंबरही लागत नव्हता.

त्यानंतरचा दिवस कसा गेला ते तिला नीटसं आठवत नाही. कुबराने तिला घरी सोडलं. बाहेर ऊन भाजत होतं, रस्ता कोरडा ठणठणीत, आणि रस्त्यालगतच्या वाळूच्या ओढ्यात, जिथे वर्षानुवर्षं पाणी दिसत नाही, कुणाचे तरी उंट उभे होते. सुचित्राला त्या कोरडेपणाचाच राग आला. घरी ती एका जागी बसू शकेना. विजयकुमार आला तोवर तिने रडार बंद केलं होतं, कारण लाल पट्टा सरकला होता आणि तो सरकल्यावरही फोन येत नव्हता. हे जास्त भयंकर होतं. पाऊस असेपर्यंत 'पाऊस आहे म्हणून' असं म्हणता येत होतं.

"तू बरोबर सांगितलंस," विजयकुमार म्हणाला.

"तुला काय माहीत?"

त्याने चहा केला, दोघांनी तो घेतला नाही. त्याने देवापाशी दिवा लावला आणि तिथेच जमिनीवर बसून राहिला, ऑफिसच्या बुटांसकट.

संध्याकाळी मगरिबची अजान सुरू असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. उचलायला विजयकुमार जवळ होता, पण त्याने हात मागे घेतला. सुचित्राने उचलला.

"आई."

सुचित्राने फोन कानाला घट्ट दाबला.

"आई, मी आहे. मनगट मोडलंय, बाकी काही नाही. एका शाळेच्या जिममध्ये, त्यांच्या मोठ्या हॉलमध्ये आणलंय आम्हाला." इरा मराठीत बोलत होती, सलग. शाळेत जायला लागल्यापासून ती कधी अशी बोलली नव्हती. "सोंडेवर होते मी. दोघं आले, माझं नाव घेत आले. त्यांना कसं कळलं मी तिथे असेन?"

"तू खाणीच्या रस्त्याने का नाही गेलीस?"

"गेले होते. अर्ध्यातून परत फिरले. खाणीच्या तोंडातून लाल पाणी यायला लागलं होतं. वर्नाचं घर नाहीये आता. खालचं हॉबर्टचंही नाही."

हॉबर्ट कोण ते सुचित्राला माहीत होतं. दरीच्या तोंडाशी एका ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात राहणारा म्हातारा आणि त्याची बायको. इराला टोमॅटो द्यायचे, तिच्या नावाचा उच्चार 'आयरा' असा करायचे.

"मी आधी खाली त्यांच्याकडे गेले, आई. दार वाजवलं. हॉबर्ट म्हणाला, माझ्या बापाच्या वेळेपासून क्रीक कधी पायरीला लागला नाही. हसला. म्हणाला, तूच आत ये, कॉफी घे. मी म्हटलं चला, प्लीज चला. त्याची बायको पायात मोजे घालत होती. ती येणार होती. तो म्हणाला, बस खाली. मग मी निघाले. वरून मला त्यांचा कंदील दिसत होता. तो हलला. खिडकीतल्या खिडकीत नाही, अख्खा ट्रेलरच हलला. वळला. मग दिसला नाही."

सुचित्राने खूप वर्षं मुलांना धीर दिला होता, परीक्षेच्या आधी, निकालाच्या नंतर.

"तू दार वाजवलंस," ती म्हणाली.

"मी ओढून न्यायला हवं होतं."

"इरा—"

"आई, इथे लोक मला विचारतायत, डोंगर टिकेल का. परवा परत पाऊस आहे. सगळ्यांना वाटतं मला माहीत आहे." तिचा आवाज खाली आला. "आत अजून पाणी आहे. किती, ते मला माहीत नाही. माझी यंत्रं गेली."

"तू ये. लगेच निघून ये," सुचित्रा म्हणाली.

"रस्ता नाहीये, आई." मग कुणीतरी तिला काहीतरी म्हणालं. "लाइन आहे फोनला. ठेवते."

फोन बंद झाला. विजयकुमार समोर उभा होता. ती जिवंत आहे एवढं त्याला इकडच्या बोलण्यावरून कळलं होतं, आणि तो रडत होता. सुचित्राने त्याला असं रडताना आजवर पाहिलं नव्हतं.

"काय म्हणाली?"

सुचित्राने त्याला सगळं सांगितलं. बाहेर काळोख पडला होता आणि शेजारच्या व्हिलात कुणीतरी मुलांना जेवायला हाका मारत होतं.

"मी तिकिटं बघतो," विजयकुमार डोळे पुसत म्हणाला.

"रस्ता नाही म्हणाली ना."

"चार्ल्सटन विमानतळापर्यंतची बघतो. पुढचं पुढे."

तिने होकाराची मान हलवली. परवा पाऊस होता. उद्या निघालं तरी परवा ते कुठल्या तरी विमानातच असणार होते, आणि तिकडे कितीतरी माणसं एका जिममध्ये बसून तिच्या लेकीच्या तोंडाकडे बघत असणार होती. सुचित्रा उठली आणि बॅग काढायला आतल्या खोलीत गेली.