तीन सप्तमांश, पायऱ्यांशिवाय

चौकशी समितीचा निष्कर्ष तीन वाक्यांचा आहे: "परीक्षार्थिनी झुनु पुहाण हिने चौथ्या प्रश्नाचे उत्तर पायऱ्या न दाखवता लिहिले. पायऱ्यांवाचून हे उत्तर मिळणे अशक्य आहे. सबब नक्कल सिद्ध होते." पहिले वाक्य खरे आहे. दुसरे अज्ञान आहे, आणि तिसऱ्याने त्या अज्ञानाच्या आधारावर एका मुलीचे गणित कायमचे बंद केले.

प्रश्न असा होता: अंश ३क्ष² + ५क्ष − २, छेद ७क्ष² − क्ष + ४; क्ष अनंताकडे जाताना या परिमेय फलाची सीमा काढा. आमच्या बालेश्वरच्या तपासणी केंद्रात याचे तीन गुण आधीच वाटलेले असतात: वरखाली क्ष² ने भागल्याचा एक, उरलेली पदे शून्याकडे गेल्याचा एक, उत्तराचा एक. झुनुने एका ओळीत ३/७ लिहिले. क्ष अफाट वाढला की वर्गापुढे बाकीच्या पदांचे काही चालत नाही. अंशाचा व छेदाचा सर्वोच्च घात सारखा, म्हणून सीमा त्यांच्या सहगुणकांच्या गुणोत्तराइतकी. ज्याला विषय समजला आहे, त्याला हे नुसते पाहून सांगता येते.

शिवाय समासात तिने क्ष च्या जागी हजार घालून पडताळा घेतला होता: ३००४९९८ भागिले ६९९९००४, म्हणजे जवळपास ३/७. चोरलेल्या उत्तराचा पडताळा कोण घेत बसतो? समितीने समास "कच्चे काम" म्हणून विचारातच घेतला नाही.

समितीचे अध्यक्ष होते गोलकबिहारी सतपथी. तीस वर्षांपूर्वी मला आणि गेल्या वर्षी झुनुला सीमा त्यांनीच शिकवल्या. "चांदीपूरला भरती येते तेव्हा वाळूतली डबकी कोण मोजत बसतं, सांग?" असे विचारून ते खालच्या घातांची सगळी पदे एका फटक्यात पुसून टाकत.

मी तिला बीजगणित शिकवत असे. अहवालाची प्रत माझ्या हाती आठ महिन्यांनी आली. तोवर घरच्यांनी तिला तिरुपूरला बनियन-टीशर्टच्या कारखान्यात धाडले होते. मी फोन केला.

"झुने, परत ये. प्रकरण पुन्हा उघडायला लावतो मी."

"कशाला, सर? इथं बाह्या शिवते. पायऱ्या मात्र सगळ्या दाखवाव्या लागतात हं, मुकादमबाई डोक्यावर उभी असते!" ती हसली. मग म्हणाली, "सतपथी सरांनी त्या दिवशी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही हो. का, तेवढं विचाराल? बाकी काही नको."

मी विचारायला गेलो. त्यांनी खायला मुढी-घुगनी मागवली, माझ्या प्रकृतीची चौकशी केली, सुनेची थोरवी गायली. मी उत्तरपत्रिकेची प्रत पुढे ठेवली.

"सर, हा समास वाचा."

"वाचलाय रे." ताटली त्यांनी बाजूला सारली. पुढे ते जे बोलले, ते मी त्यांच्यासमोर लिहून घेतले आणि वाचून दाखवले. त्यांनी एकही शब्द बदलला नाही.

"पायऱ्या गाळायला मीच शिकवलं तिला. उत्तरपत्रिका उघडल्याबरोबर ओळखलं मी. ते हजार घालून बघणंसुद्धा माझंच. पण तसं म्हटलं असतं, तर उत्तर तुम्हीच फोडलंत का, असं विचारलं असतं मला. निवृत्तीला दोन महिने उरले होते रे. ती समोर उभी होती आणि मी कागदाकडे बघत राहिलो. 'अशक्य' हा शब्द समितीचा नाही. तो मी घातला."