दोन बोटांची जागा

नागसेन बालाघाटच्या पोस्टात काउंटरवर बसायचा. चौतीस वर्षांचा, मितभाषी माणूस. लोक त्याला ओळखायचे ते मात्र त्याच्या फियाटमुळे. वारासिवनीच्या एका राईस मिलच्या शेडमध्ये पोत्यांच्या ढिगामागे ती चौऱ्याऐंशी सालची गाडी त्याला सापडली, आणि पुढची दोन वर्षं त्याचे सगळे रविवार तिच्यातच गेले. सीटचा कपडा त्याने स्वतः शिवला, रंग पुन्हा पहिल्यासारखा दुधी करून घेतला. गाडी सुरू झाली त्या दिवशी त्याच्या बायकोने, रचनाने, सगळ्या वॉर्डात पेढे वाटले होते.

मग मोबाईलवर जुन्या गाड्यांचे फोटो बघता बघता त्याच्या मनाने घेतलं, की आपली गाडी थोडी खाली हवी. रस्त्याला चिकटून चालणारी. नागपूरला एका गॅरेजवाल्याने एका दिवसात काम करून दिलं. पुढच्या स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापले, मागे स्प्रिंगचं काम करणारे लोखंडी पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्या मध्ये ठोकळे बसवले. गाडी चार बोटं खाली आली. दिसायला इतकी देखणी झाली, की नागसेन पोस्टातून निघाल्यावर रस्त्याच्या पलीकडे उभा राहून तिच्याकडे बघत राहायचा.

चालवताना ती आदळायची. पण नवीन काम आहे, बसेल हळूहळू, असं तो स्वतःला सांगत होता.

महिनाभराने तो आपल्या आईला, शेवंताबाईंना, कटंगीला मावशीकडे घेऊन गेला. जाताना शेवंताबाई मागच्या सीटवर काही न बोलता बसल्या. पोचल्यावर म्हणाल्या, मी दोन दिवस रुख्माकडे राहते, तू जा. नागसेन परत आला. दोन दिवसांनी तो आणायला निघणार, तर आई दारात उभी. बसने आली होती, तीही वारासिवनीपर्यंत उभ्याने.

त्यांनी कारण सांगितलं नाही. ते रचनाने सांगितलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "इतक्या वर्षांत आई कधी पाठ दुखते म्हनल्या नाही. काल मले बाम मांगला."

नागसेनला ते लागलं. बाकी कोणी नावं ठेवली असती, तर त्याने वाद घातला असता. पण आई बोलली नव्हती, फक्त बसने आली होती.

त्याने आधी स्वतःच खटपट करून पाहिली. चाकांतली हवा कमी केली, तर गाडी वळणावर लोळायला लागली. कोणीतरी सांगितलं म्हणून जास्त कडक शॉकअप टाकले, तर पहिल्यापेक्षा वाईट. शेवटी एका रविवारी सकाळी तो गोंदिया रोडवर पुनारामकडे गेला.

पुनाराम भरवेलीच्या खाणीतल्या जीपा आणि ट्रक दुरुस्त करत म्हातारा झालेला मिस्त्री. निवृत्तीनंतर घरासमोरच्या पत्र्याखाली तो एकटाच काम करायचा, तेही मनाला येईल त्याच गाडीचं. फियाटभोवती त्याने एक फेरी मारली, वाकून पाहिलं, पण हात लावला नाही. मागे कोण बसतं, एवढंच विचारलं. नागसेन म्हणाला, माय बसते.

"त मग तिले घिऊन ये," पुनाराम म्हणाला. "तू त समोर बसतं, तुह्या हाती स्टिअरिंग. धक्का येनार हे तुले आधीच दिसते, तू आंग आवरून घेतं. मांगच्या मानसाले इचाराव लागते."

आईला हे सांगायचं कसं, याचं नागसेनला ओझं वाटत होतं. तिच्या न बोललेल्या तक्रारीबद्दल तिलाच विचारायचं होतं. पण शेवंताबाईंनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि चल म्हणाल्या.

पुनाराम चालवायला बसला, नागसेन शेजारी. मागे शेवंताबाई एकट्या, डोळे मिटून. रेल्वे फाटकापर्यंतचा खडबडीत रस्ता पुनारामने एकाच वेगाने नेला आणि तसाच परत आणला. पत्र्याखाली गाडी थांबल्यावर त्याने विचारलं, "बोला सिस्टरबाई."

शेवंताबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. पेशंटचं सांगावं तसं त्यांनी नीट सांगितलं. "समोरून बारीक बारीक हादरे येतेत. खुळखुळल्यासारखे. ते सोसते. मांगून मात्र खड्डा आला का दोन ठोके लागतेत. पहिला चाकाचा. दुसरा त्याच्या पाठोपाठ, लोखंडावर लोखंड आदळल्यावानी. तोच कमरेत जाते."

पुनारामने नागसेनकडे पाहिलं. इतकं नेमकं सांगणारा माणूस त्याला बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता, असं तो नंतर म्हणाला.

"माय, तुले एवढं कसं समजलं?" नागसेनने विचारलं.

"लांजीच्या जंगलातून चोवीस वर्सं मी दिवस भरलेल्या बाया जीपीत आनल्या. कोनता धक्का येऊ द्याचा अन कोनत्याच्या आधी बाईले हातावर उचलून धराचं, ते पाहाच लागे. माह्या पाठीले ते आजई समजते."

नागसेनला आईच्या नोकरीबद्दल माहीत होतं ते एवढंच, की ती सकाळी जायची आणि कधीकधी दुसऱ्या दिवशी यायची. जीपमध्ये ती काय करत असेल, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

पुनाराम गाडीखाली शिरला. मागच्या अ‍ॅक्सलच्या वर चासीला रबराचा एक गट्टू असतो, मोठ्या खड्ड्यात अ‍ॅक्सल थेट लोखंडावर आदळू नये म्हणून. त्या गट्टूच्या बरोबर खाली, अ‍ॅक्सलवर, पुनारामने बोटाने काळं ग्रीस फासलं आणि नागसेनला तोच रस्ता पुन्हा एकदा हळू मारून यायला सांगितलं. परत आल्यावर दोघं गाडीखाली आडवे झाले. रबराच्या तळाला ग्रीसचा गोल छाप उमटला होता. हळू चालवूनसुद्धा.

"पाह्य," पुनाराम म्हणाला. "स्प्रिंग कडक हाये म्हनून नाही आदळत. तिले दबाले जागाच नाही. दबाच्या आधीच ती ठोकते. अन तू वरून कडक शॉकअप टाकले."

पुढचं चाक जॅकवर उचलल्यावर त्याहून वाईट गोष्ट दिसली. कापलेली स्प्रिंग आपल्या वाटीत सैल होऊन हाताने फिरत होती. एखाद्या मोठ्या खड्ड्यात ती निसटून बाहेर आली असती. पुनाराम तेव्हा रागावला नाही, फक्त ती स्प्रिंग त्याने दोनदा फिरवून दाखवली. नागसेनने ती स्वतः एकदा फिरवून पाहिली. कटंगीच्या रस्त्यावर आई मागे बसली होती.

पुनारामने उपाय सांगितला तो असा. पुढे कापलेल्या स्प्रिंगा काढून गोंदियाच्या स्प्रिंगवाल्याकडून मुळातच थोड्या आखूड, टोकं सपाट असलेल्या स्प्रिंगा वळवून घ्यायच्या. मागचे ठोकळे निम्मे करायचे, रबराचे गट्टू थोडे छाटायचे. पाटे उघडून, गंज घासून, मध्ये ग्रीस भरायचं. शॉकअप आखूड आणि मऊ. पण त्यात गाडी दोन बोटं वर येणार होती.

नागसेनने गाडीकडे पाहिलं. त्या दोन बोटांतच गाडीचं सगळं रूप आहे, असं त्याला इतके दिवस वाटत होतं. शेवंताबाई पत्र्याखालच्या खुर्चीवर पुनारामच्या बायकोशी बोलत बसल्या होत्या, कंबरेला हात लावून.

"वर घ्या," तो म्हणाला.

काम तीन रविवार चाललं. पाट्यांचा गंज नागसेनने स्वतः घासला. प्रत्येक टप्प्यानंतर पुनाराम शेवंताबाईंना बोलावून मागे बसवायचा, आणि त्या सांगायच्या. एकदा म्हणाल्या, आता ठोका नाही, पण उतारावर मागून डोलते. पुनारामने मागचे शॉकअप एका नंबराने कडक केले. पुढच्या फेरीत त्या काहीच बोलल्या नाहीत. पुनारामने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी दुसराच इचार करून राह्यली होती." पुनारामने हात पुसले. काम झालं होतं.

धान कापून झालं होतं तेव्हा ते पुन्हा कटंगीला गेले. रचनाही होती. मावशीच्या घरी जेवण झाल्यावर शेवंताबाईंनी बहिणीला विचारलं, तू गावी शेवटची कधी गेलतीस? रुख्माबाई म्हणाल्या, सहा वर्षं झाली, गुडघ्याने बसची पायरी चढवत नाही. दोघींचं माहेर बावनथडी नदीच्या पलीकडे, तुमसरच्या अलीकडचं एक खेडं.

"त चाल ना आता," शेवंताबाई म्हणाल्या. "गाडी हाये."

रुख्माबाई मागच्या सीटवर सहज बसल्या. गाडी अजूनही खालीच होती, त्यांना पाय उचलावाच लागला नाही. पूल ओलांडला. धान कापलेल्या बांध्यांची शेतं दोन्ही बाजूंना पिवळी पडली होती. मागे दोघी बहिणी एका चिंचेच्या झाडावरून वाद घालत होत्या, ते झाड काकाचं की त्यांच्या बापाचं. रचना आरशातून त्यांच्याकडे बघून हसत होती. गावात झाड होतंच, पण आता तिसऱ्याच कोणाच्या कुंपणात. त्या घरच्या बाईने त्यांना चहा पाजला आणि ओंजळभर चिंचा दिल्या.

परतताना मावशीला कटंगीला सोडलं. वारासिवनी जवळ आली तेव्हा रचनाने नागसेनच्या हाताला स्पर्श केला आणि मागे खूण केली. शेवंताबाई झोपल्या होत्या, मान खिडकीला टेकलेली, चष्मा नाकावर घसरलेला. नागसेनने वेग कमी केला नाही, तशी गरज नव्हती.

बाजारातल्या गर्दीत हॉर्न वाजले तेव्हा त्या जाग्या झाल्या. कोणतं गाव, त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं.

"एवढ्यातच आलं?" त्या म्हणाल्या, आणि चष्मा सावरून बाहेर बघू लागल्या.