शेकोटीचा शब्द

आयर्लंडमधल्या मराठी मंडळींनी घर घेतलं, मुलं शाळेला लागली आणि पासपोर्टाचा रंग बदलला, की त्यांना एक नवंच खूळ लागतं, ते कॅरॅव्हॅनचं. स्वतःचं चांगलं उबदार घर कुलूप लावून बंद करायचं, गाडीमागे दुसरं बोटभर घर ओढत न्यायचं आणि परक्याच्या कुरणात जाऊन पावसात बसायचं, याला ही मंडळी सुट्टी म्हणतात. उपेंद्र आणि पद्मजाच्या कंपूला हे खूळ लागून बरीच वर्षं झाली होती. ऑगस्टच्या लाँग वीकेंडला क्लेअरच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याच्या कुरणात डब्लिनच्या आणि कॉर्कच्या कॅरॅव्हॅन गोल करून उभ्या राहायच्या. मग तीन दिवस भजी, पत्ते, जुनी गाणी आणि गेल्या वर्षीच्याच विनोदांवर नव्याने हसणं. पद्मजा वर्षभर या तीन दिवसांची वाट बघायची.

या वर्षी मात्र कुरणाचं फाटक दिसलं आणि तिला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

कारण साधं होतं. मार्चपासून ती आणि उपेंद्र वेगळे राहत होते, आणि कंपूतल्या कोणाला तिने याचा पत्ता लागू दिला नव्हता. पद्मजा मलिंगारच्या हॉस्पिटलात डॉक्टर. पूर्वी ती डब्लिनहून रोज गाडीने जायची, आता तिथेच एका फार्मसीच्या वर खोली घेऊन राहिली होती. विचारलंच कोणी तर, ऑन-कॉल वाढलेत, एवढं सांगायचं ठरलं होतं. त्यात कॉर्कच्या हॉस्पिटलाने तिला मोठ्या पदासाठी बोलावलं होतं. वीकेंड संपला की होकार कळवायचा आणि पाठोपाठ उपेंद्रपासून कायमचं मोकळं व्हायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

"मेळाव्यात काही काढू नकोस," उपेंद्र फोनवर म्हणाला होता. "तीन दिवसांचा प्रश्न आहे. नंतर तू म्हणशील तसं. आणि दोन गाड्या कशाला? लोक उगाच विचारत बसतील." तिने मान्य केलं. स्वतःची गाडी मलिंगारला ठेवून ती त्याच्या शेजारी येऊन बसली. चूक झाली ती इथेच.

उपेंद्र वाईट होता का? छे. दारू नाही, आरडाओरडा नाही, ग्रँड कॅनाल डॉकमधल्या मोठ्या कंपनीतली चांगली नोकरी, चार लोकांत लाघवी. तो फक्त तिच्या वतीने बोलायचा. हॉटेलात वेटरने तिला विचारावं आणि ऑर्डर याने द्यावी. तिच्या आईने फोनवर "कशी आहेस गं" म्हणावं आणि "मजेत आहे ती" असं मागून याने सांगावं. दोन वर्षांपूर्वीही कॉर्कने विचारलं होतं, तेव्हा तो सहज म्हणाला, "आपण नाही म्हणू या," आणि तिने नाही म्हटलं. ही तक्रार घेऊन जावं तरी कोणाकडे? ऐकणारी हसायची आणि म्हणायची, बाई, आमचा नवरा तर तोंडच उघडत नाही, तू नशीबवान. पण संसाराच्या अकरा वर्षांनी पद्मजाला साधं भूक लागली का हेसुद्धा क्षणभर आठवून बघावं लागे.

उपेंद्रला नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी पोचायचं होतं. पहिला येईल त्याने सगळ्यात आत, दगडी भिंतीला लागून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी पुढे पुढे गोल भरत आणायचा, अशी इथली पद्धत. संध्याकाळपर्यंत सगळे आले. विक्रांतने आपलं धूड बरोबर त्यांच्या तोंडासमोर आडवं लावलं. त्याची बायको रेवा ऑफिसातून परस्पर तिच्या छोट्या लाल गाडीने आली. आत जागाच उरली नव्हती, म्हणून ती गाडी फाटकाबाहेर रस्त्याकडेला राहिली.

"पद्मे! किती वाळलीस गं!" कॉर्कच्या उर्मिलाने तिला घट्ट मिठी मारली, आणि पद्मजाला एकदम भरून आलं. हीच उर्मिला, हिचा नवरा चारुदत्त, हीच रेवा, हाच विक्रांत. लॉकडाऊनमध्ये बाबा गेले तेव्हा विमानं बंद होती. नाशिकला सगळं उरकलं आणि पद्मजा इथे भिंतीकडे बघत बसली होती. तेव्हा नियम मोडून, आळीपाळीने, ही माणसं तिच्या उशाशी येऊन बसली होती. या देशात तिला माहेर म्हणून जे काही होतं ते हेच, या गोलात उभं असलेलं. उपेंद्रला सोडायची तिची तयारी झाली होती. यांना सोडायची नव्हती, आणि यांच्यादेखत नाही म्हणायची हिंमत तर त्याहून नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस जरा थांबला. उर्मिला भज्यांसाठी कांदा चिरत होती, पद्मजा पीठ भिजवत होती. हवापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या.

"अगं, पण ओवा घातलास का?" उर्मिला म्हणाली आणि त्याच सुरात पुढे बोलली, "आणि त्या फार्मसीवरच्या खोलीत असे किती दिवस काढणार आहेस? हीटिंग तरी धड आहे का तिथे?"

पद्मजाचा हात पिठातच थांबला. ऑन-कॉलचं निमित्त सगळ्यांना माहीत होतं, पण फार्मसी, खोली, ती न चालणारी हीटिंग, यातलं एक अक्षरही तिने कोणाला सांगितलेलं नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं?"

उर्मिला गोरीमोरी झाली, पण क्षणभरच. मग तिने सुरी खाली ठेवली. "उपेंद्रने. एप्रिलमध्येच. रडला गं तो आमच्याकडे येऊन. सगळ्यांना माहितीये. आम्ही म्हटलं, तुला अवघडल्यासारखं व्हायला नको, म्हणून बोललो नाही. अगं, आपली माणसं कशासाठी असतात?"

म्हणजे काल मिठी मारली ती माहीत असून. सकाळपासून चारुदत्त तिला कॉर्कमधली घरं किती महाग आहेत ते का सांगत होता, विक्रांतने "नवरा-बायकोने एकाच गाडीने यावं, त्यातच मजा" असं दोनदा का म्हटलं, हे सगळं आता तिला लख्ख कळलं. ती लपवत होती आणि हे सांभाळून घेत होते. तिला राग आला आणि त्या रागाची तिला लगेच लाजही वाटली. ही माणसं काय वाईट चिंतत होती का?

भांडी घासायला ती नळाकडे गेली, तर रेवा तिथे आधीच उभी होती. कंपूत सगळ्यात कमी बोलणारी बाई. पाणी सोडून ती हळूच म्हणाली, "आज शेकोटीला तुमचा नंबर लावलाय."

शेकोटी म्हणजे या मेळाव्याचा कळस. शनिवारी संध्याकाळी लोखंडी घमेल्यात लाकडं पेटवायची, खुर्च्या गोल मांडायच्या आणि एकेका जोडप्याने पुढच्या वर्षाचा शब्द द्यायचा. गंमत म्हणून सुरू झालेली गोष्ट, पण शेकोटीचा शब्द मोडायचा नाही असा दंडकच पडून गेला होता. चारुदत्तची सिगरेट इथे सुटली. ज्याने शब्द दिला त्याच्यावर वर्षभर सगळा व्हॉट्सअॅप ग्रुप डोळे लावून बसे आणि जरा कुठे पाऊल चुकलं की प्रेमाने त्याचा जीव नकोसा करी.

"उपेंद्र म्हणणार, पद्मजा घरी परत येतेय. लगेच सगळे टाळ्या वाजवणार. मग तू फक्त 'कबूल' म्हणायचं," रेवा ताटली विसळत म्हणाली. "माझ्या वेळी मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणून तुला सांगतेय."

पद्मजाला ती शेकोटी आठवली. रेवा आणि विक्रांतचं काहीतरी बिनसलंय एवढंच तेव्हा कानावर होतं. विक्रांत उभा राहून म्हणाला होता की झालं गेलं विसरून आम्ही नव्याने सुरुवात करतोय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. रेवाने खाली मान घालून कबूल म्हटलं होतं आणि सगळे म्हणाले होते, लाजली बघा.

"रेवा, तुला तेव्हा नाही म्हणायचं होतं?"

रेवाने नळ बंद केला. "लेकीला भूक लागली असेल," असं म्हणून ती निघून गेली.

ऑगस्टमधली आयर्लंडची संध्याकाळ संपता संपत नाही. लख्ख उजेडातच लाकडं पेटली. मुलं भोवताली हुंदडत होती. रेवाची स्वरांगी पद्मजाच्या मांडीवर आदळली, "लागलं का गं?" असं विचारलं तर म्हणाली, "आय अॅम ग्रँड, आंटी," आणि पळाली. चारुदत्तने पंख्याने वारा घालून जाळ वाढवला. पद्मजाची खुर्ची उपेंद्रच्या खुर्चीला खेटून मांडलेली होती. मागे भिंत, पुढे जाळ, जाळापलीकडे विक्रांतची कॅरॅव्हॅन. पळून जायचं म्हटलं तरी कोणाच्या तरी मांडीवरून जावं लागलं असतं.

उपेंद्र उभा राहिला. त्याचा आवाज खरोखरच कापत होता, ते नाटक नव्हतं. "आम्हा दोघांचं हे वर्ष जरा अवघड गेलं. तुम्हाला माहितीये. पण आम्ही ठरवलंय. पद्मजा कॉर्कला नाही म्हणतेय आणि घरी परत येतेय."

टाळ्या पडल्या. उर्मिलाने तर डोळ्यांना पदरासारखा स्कार्फ लावला. सगळी तोंडं पद्मजाकडे वळली, आणि त्या तोंडांवर इतकी माया होती की नाही म्हणणं कृतघ्नपणाच वाटावा. एक शब्द. तो म्हटला की भजी, गाणी, मिठ्या, पुढचा ऑगस्ट, सगळं जागच्या जागी राहणार होतं. तिच्या ओठांवर तो आलाही. जाळापलीकडे रेवा बसली होती. तिने टाळी वाजवली नव्हती आणि ती पद्मजाकडे बघतही नव्हती.

"नाही," पद्मजा म्हणाली. आवाज घोगरा निघाला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "मी कबूल करत नाही. मी कॉर्कला जातेय. एकटी. आम्ही काहीही ठरवलेलं नाही, हे यानेच ठरवलंय."

कोणी चिडलं असतं तर बरं झालं असतं. कोणीच चिडलं नाही.

"बरं बरं, आधी दोन घास खाऊन घे," उर्मिला म्हणाली आणि तिने पद्मजाच्या खांद्यावर शाल टाकली.

"बीपी बघू का? मशीन आहे माझ्याकडे," चारुदत्त म्हणाला. जणू डॉक्टर पद्मजा नव्हती, तोच होता.

"उद्या फ्रेश मूडमध्ये बोलू. सोमवारपर्यंत कुठे जायचंय आपल्याला?" इति विक्रांत.

"दमलीये ती," उपेंद्र सगळ्यांना म्हणाला. "नाइट्स झाल्यात लागोपाठ. तिला तसं म्हणायचं नव्हतं."

"मला तसंच म्हणायचं होतं!" पद्मजा ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ती या माणसांसमोर ओरडली असेल. पण ते शब्द शालीत गुंडाळल्यासारखे झाले. उर्मिला तिची पाठ थोपटत राहिली, कोणीतरी चहा टाकायला उठलं. तिला कळून चुकलं की ही माणसं सोमवारपर्यंत अशीच थोपटत राहणार, आणि सोमवारी ती कबूल म्हणून मोकळी होणार. तिने शाल काढून खुर्चीवर ठेवली, कॅरॅव्हॅनमधून आपली बॅग आणली आणि म्हणाली, "मी जाते."

"कशाने?" विक्रांतने विचारलं. त्यात टोमणा नव्हता, खरोखरीचा प्रश्न होता. उपेंद्रची गाडी पार आत भिंतीशी अडकलेली, बसचा पत्ता नाही, जवळचं गाव मैलोन्‌मैल लांब.

"चालत."

"मी फाटकापर्यंत जाते तिच्याबरोबर," रेवा उठून म्हणाली. "समजावते."

हे सगळ्यांना पटलं. रेवा अनुभवी. लोकांनी खुर्च्या सरकवून दोघींना वाट दिली. ओल्या गवतातून त्या चालत गेल्या. फाटकाशी पोचल्यावर रेवाने जॅकेटच्या खिशातून लाल गाडीची किल्ली काढली आणि पद्मजाच्या हातात कोंबली.

"जा. मला ऑफिसला जायला डार्टची लोकल आहे, माझं अडत नाही."

"तू पण चल." पद्मजाने तिचं मनगट धरलं. "स्वरांगीला बोलव आणि चल. आत्ताच्या आत्ता. रेवा, त्या दिवशी मीसुद्धा टाळ्या वाजवल्या होत्या गं."

"हो. सगळ्यात जोरात," रेवा म्हणाली. बोलण्यात राग नव्हता. तिने हळूच मनगट सोडवून घेतलं. "मी कबूल म्हटलंय, पद्मे. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

पद्मजा बाहेर रस्त्यावर आली. तिने लाल गाडीचं दार उघडलं आणि बॅग आत टाकली. पलीकडे शेकोटीभोवती कोणीतरी गाणं सुरू केलं होतं, वातावरण हलकं करायला. "आई!" अशी स्वरांगीची हाक आली, तेवढा एकच शब्द ती पोर मराठीत बोलायची.

"आले!" रेवाने ओरडून सांगितलं. इथे फाटक उघडं टाकलं की गुरं रस्त्यावर जातात आणि शेतकरी पुढच्या वर्षी जागा देत नाही. तिने आतून फाटक लावलं, कडी घातली, ती नीट बसली का ते दोनदा ओढून पाहिलं आणि परत निघाली.